ईसीजी नॉर्मल आला, मग पट्ट्यावर कशाला चालायचे?

आपल्या घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘ईसीजी काढला, नॉर्मल आहे, गॅसच असणार.’ मग ओवा, जिरे, सोडा, एखादी अ‍ॅसिडिटीची गोळी. जिना चढताना छाती भरून येणारी अम्मी थोडे पाणी पिऊन पुन्हा चुलीपाशी उभी राहते. बाजारातून पिशवी आणताना दोनदा थांबणारे अब्बा ‘आता वय झाले’ म्हणून विषय संपवतात. पुष्कळदा तो खरोखर गॅसच असतो, हेही मान्य. पण पलंगावर निजवून काढलेल्या ईसीजीच्या भरवशावर तसे ठरवता येत नाही. तो ईसीजी खोटा नसतो. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा असतो.

साध्या ईसीजीची पट्टी म्हणजे स्वस्थ पडलेल्या हृदयाचे साधारण दहा सेकंदांचे टिपण. हृदयविकाराचा झटका चालू असेल, पूर्वी येऊन गेला असेल किंवा ठोक्यांची लय बिघडली असेल, तर ते त्यात बहुधा दिसते. धमनी अर्धीअधिक अरुंद झाली आहे, पण माणूस आरामात पडला आहे, अशा वेळी मात्र ती पट्टी अगदी सरळसाधी येऊ शकते. आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या इमारतीच्या नळाचे उदाहरण घ्या. पाइप आतून क्षाराने भरत आला आहे. पहाटे एकट्या वरच्या मजल्याने नळ सोडला तर पाणी व्यवस्थित येते. सकाळी सात वाजता सगळ्यांनी एकदम नळ सोडले की वरचा मजला कोरडा. पाइप तोच, दोष तोच. फक्त मागणी वाढल्यावर तो उघडा पडला.

हृदयाचेही असेच आहे. शरीराला रक्त पुरवणाऱ्या या स्नायूला स्वतःलाही रक्त लागते आणि ते करोनरी धमन्यांतून येते. येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. हातापायांचे स्नायू आराम करताना रक्तातला थोडाच प्राणवायू घेतात, बाकीचा राखीव राहतो. हृदयाचा स्नायू आरामातही समोर आलेल्या रक्तातला सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेतो. म्हणजे काम वाढले की त्याला आणखी रक्तच हवे, दुसरा उपाय नाही. निरोगी धमन्या हा प्रवाह तीन-चार पटींनी वाढवू शकतात. अरुंद झालेली धमनी तेवढे करू शकत नाही, आणि तिच्या वाट्याचा स्नायूचा तुकडा उपाशी राहतो. म्हणून डॉक्टर सांगतात, हृदयाला कामाला लावा आणि काम चालू असताना तपासा.

ही कल्पना जुनी आहे. १९२९ साली न्यूयॉर्कच्या डॉ. आर्थर मास्टर यांनी रुग्णांना दोन पायऱ्यांच्या लाकडी जिन्यावरून चढ-उतार करायला लावून नाडी आणि रक्तदाब मोजायला सुरुवात केली. आजची पद्धत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले डॉ. रॉबर्ट ब्रूस यांची. १९६३ साली त्यांनी फिरत्या पट्ट्याचे टप्पे ठरवून दिले आणि आपल्याकडे टीएमटी म्हणून जी तपासणी होते ती बहुतेक ठिकाणी त्याच टप्प्यांनी चालते. पहिली तीन मिनिटे ताशी २.७ किलोमीटर, म्हणजे रमतगमत, पण पट्ट्याला १० टक्के चढ. पुढची तीन मिनिटे ताशी ४ किलोमीटर आणि १२ टक्के चढ. त्यानंतर ताशी साडेपाच किलोमीटर, चढ १४ टक्के. येथे बहुतेकांना घाम फुटतो. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढत जातात. २२० मधून आपले वय वजा करायचे आणि त्याच्या ८५ टक्के ठोके गाठायचे, असे सर्वसाधारण लक्ष्य असते. ५० वर्षांच्या माणसाला मिनिटाला साधारण १४५.

छातीवर चिकटवलेल्या तारांमधून ईसीजी सतत चालू असतो, दर टप्प्याला रक्तदाब घेतात आणि डॉक्टर शेजारी उभे असतात. छातीत दुखले, चक्कर आली, तर सांगायचे. मर्दानगी दाखवण्याची ही जागा नव्हे. तिथे भीतीही वाटते, ‘पट्ट्यावरच काही झाले तर?’ जुन्या मोठ्या पाहणीत अशा १०,००० तपासण्यांमागे सुमारे एक मृत्यू नोंदला गेला होता. म्हणूनच दोन दिवसांत झटका येऊन गेलेला, बसल्या जागी छातीत दुखत असलेला, हृदयाची झडप फार आखडून त्रास होत असलेला माणूस पट्ट्यावर चढवत नाहीत. या क्षणी छाती दाबल्यासारखी दुखत असेल, घाम सुटला असेल, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, तर टीएमटीची वेळ मागायची नाही. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठायचे.

चित्राची गरज कुठे पडते

आता मूळ मुद्दा. नुसत्या टीएमटीत आपण पाहतो फक्त ईसीजीच्या रेषा. खूप अभ्यास एकत्र करून काढलेला हिशोब असा की, ज्यांच्या धमनीत खरोखर मोठा अडथळा आहे अशा तिघांपैकी साधारण दोघांनाच ही तपासणी पकडते आणि ज्यांना अडथळा नाही अशा चौघांपैकी एकाला उगाच ‘पॉझिटिव्ह’ ठरवते. बायकांमध्ये हे खोटे ‘पॉझिटिव्ह’ आणखी जास्त. शिवाय काहींचा ईसीजी मुळातच असा असतो की, श्रमाच्या वेळी त्यातून काही वाचताच येत नाही. डाव्या बाजूची वीजवाहिनी बंद असणे, म्हणजे रिपोर्टवर ‘एलबीबीबी’ लिहिलेले असते ते, किंवा पेसमेकर बसवलेला असणे.

कारण ईसीजी हा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. स्नायूला रक्त कमी पडू लागले की गोष्टी एका क्रमाने घडतात. आधी त्या भागाचा रक्तपुरवठा घटतो. मग तो भाग नीट सैल पडत नाही. मग त्याचे आकुंचन मंदावते. त्यानंतर ईसीजीत फरक दिसतो आणि छातीत दुखणे सर्वांत शेवटी येते, मधुमेहींना तर कधी येतच नाही. म्हणजे आपण ज्या दुखण्याची वाट पाहत बसतो ते रांगेत शेवटचे आहे. या रांगेतल्या पहिल्या पायऱ्या डोळ्यांनी पाहता याव्यात म्हणून श्रमाच्या तपासणीला चित्राची जोड दिली गेली. आपल्याकडे त्याचे दोन प्रकार जास्त चालतात : स्ट्रेस इको आणि स्ट्रेस थॅलियम.

स्ट्रेस इको म्हणजे सोनोग्राफीच. आधी डाव्या कुशीवर झोपवून हृदयाची चित्रे घेतात. मग पट्ट्यावर चालवतात. दमलेल्या माणसाला पट्टा थांबताच झटपट पुन्हा पलंगावर घेतात, कारण चित्रे एक-दीड मिनिटाच्या आत मिळायला हवीत. ठोके उतरले की उपाशी भाग पुन्हा सावरतो आणि पुरावा नाहीसा होतो. मग संगणकावर आधीचे आणि नंतरचे हृदय शेजारी शेजारी धडधडताना दिसते. विज्ञानाच्या पुस्तकात जिला डावी जवनिका म्हणतात, तिच्या भिंतीचे १७ भाग कल्पिलेले आहेत. श्रमानंतर प्रत्येक भागाने अधिक जोराने आत यायला हवे. एखादा भाग मागे रेंगाळला, तर त्याला रक्त देणारी धमनी कोणती याचा अंदाज डॉक्टर तिथेच बांधतात. यात किरणोत्सर्ग नाही आणि खर्चही थॅलियमच्या मानाने पुष्कळ कमी. मात्र सगळा भार पाहणाऱ्याच्या नजरेवर आणि सवयीवर असतो. महिन्यातून दोन स्ट्रेस इको करणाऱ्या ठिकाणापेक्षा रोज करणारे ठिकाण शोधावे, असे आम्ही आपल्या माणसांना सांगतो.

स्ट्रेस थॅलियमची तऱ्हा वेगळी. येथे भिंतीची हालचाल हा मुख्य प्रश्न नसतो. रक्त कुठे पोचले हे थेट पाहतात. श्रम टिपेला पोचले की शिरेतून किरणोत्सर्गी औषध देतात आणि आणखी मिनिटभर चालायला लावतात. जिथे रक्त जाते तिथे औषध जाते आणि स्नायूत जाऊन बसते. चित्र अर्ध्या-पाऊण तासाने गॅमा कॅमेऱ्याखाली निघते, पण ते त्या दमलेल्या मिनिटाचेच असते. नंतर आरामातले दुसरे चित्र घेतात आणि दोन्ही ताडून पाहतात.

नावाची गंमत म्हणजे ‘थॅलियम’ म्हणून होणाऱ्या या तपासणीत आज बहुतेक ठिकाणी थॅलियम नसतेच, टेक्नेशियम असते. हे मूलद्रव्य १९३७ साली इटलीतल्या पालेर्मो शहरात एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांनी ओळखले. कृत्रिमरीत्या तयार झालेले हे पहिलेच मूलद्रव्य. वैद्यकात वापरले जाणारे त्याचे रूप दर सहा तासांनी निम्मे होते, त्यामुळे ते दुकानात साठवून ठेवता येत नाही. मॉलिब्डेनम भरलेले एक छोटे यंत्र रुग्णालयात येते आणि त्यातून रोज ताजे टेक्नेशियम काढून घेतात. या कामाला तंत्रज्ञांच्या बोलीत चक्क ‘दूध काढणे’ म्हणतात. आपल्या वाशीला अणुऊर्जा विभागाचे एक मंडळ अशी यंत्रे पुरवते. दोन्ही चित्रे मिळून शरीराला जो किरणोत्सर्ग मिळतो तो निसर्गातून काही वर्षांत मिळतो तेवढा. साठीच्या माणसासाठी त्याचा बाऊ नको, पण तरुण मुलीला उगाच देण्याइतका किरकोळही नाही. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर आधीच सांगावे; अंगावर पाजणाऱ्या आईनेही सांगावे.

बायकांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. छातीच्या भारामुळे किरणे अडतात आणि हृदयाच्या पुढच्या भिंतीवर खोटी सावली पडू शकते. जाणकार डॉक्टर भिंतीची हालचाल पाहून किंवा दुसऱ्या स्थितीत चित्र घेऊन ती ओळखतात.

गुडघे साथ देत नसतील तर

आमच्या खालांची गोष्ट येथे सांगायला हवी. वय ५८, मधुमेह १२ वर्षांचा, गुडघे गेलेले. तक्रार छातीच्या दुखण्याची नव्हतीच. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या की दम लागायचा आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये जड व्हायचे. पुरुषाने छातीवर हात ठेवला की घर धावते. बाईला दम लागला की ‘वजन कमी करा’ म्हणतात. ईसीजीत तेच ‘एलबीबीबी’ निघाले. डॉक्टर म्हणाले, ‘खाला, तुम्हाला पट्टा नको. औषधाने करू.’

ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. इकोसाठी डोब्युटामिन हे औषध हळूहळू वाढवत शिरेतून देतात. पलंगावर पडल्या पडल्या हृदय धावू लागते. थॅलियमसाठी बहुधा अ‍ॅडेनोसिन देतात. ते निरोगी धमन्यांना पसरवते. अरुंद धमनी पसरू शकत नाही, त्यामुळे दोघींमधला फरक चित्रात उमटतो. खालांच्या ईसीजीत जो दोष होता त्यात हा दुसरा मार्ग अधिक बरा मानतात. अ‍ॅडेनोसिन चालू असताना चेहरा गरम होतो, छाती आवळते, श्वास अपुरा वाटतो. खालांनी नर्सचा हात धरून कलमा पढायला सुरुवात केली होती. पण औषधाचा असर काही सेकंदांत उतरतो आणि नळी बंद होताच त्या पाणी मागू लागल्या. दमेकऱ्यांनी मात्र आपला दमा आधी सांगितलाच पाहिजे, त्यांना हे औषध चालत नाही.

या तपासणीआधी २४ तास चहा, कॉफी, कोला आणि चॉकलेट बंद. त्यातले कॅफिन अ‍ॅडेनोसिनला काम करू देत नाही. एक कप चहामुळे सारी तपासणी वाया जाऊ शकते. आपल्या घरात दिवसभर चहाशिवाय राहणे ही सुद्धा एक स्ट्रेस टेस्टच! रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः ठोके कमी करणाऱ्या, एक-दोन दिवस थांबवाव्या लागतात, पण ते डॉक्टरांनी सांगितले तरच. इन्सुलिनचेही त्यांनाच विचारावे.

खालांचा रिपोर्ट आला. पुढच्या भिंतीचा एक भाग श्रमात फिका, आरामात पुन्हा भरलेला. याला रिपोर्टमध्ये ‘रिव्हर्सिबल’ म्हणतात : भाग जिवंत आहे, पण कामाच्या वेळी उपाशी राहतो. ‘फिक्स्ड’ असते तर तो दोन्ही वेळा फिका दिसला असता, म्हणजे बहुधा जुन्या झटक्याचा व्रण. ज्या खासगी रुग्णालयात तपासणी झाली तिथे लगेच सांगितले गेले, ‘परवा अँजिओप्लास्टी करून टाकू, उशीर नको.’ रकमेचा आकडा ऐकून मामूंनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले सोने काढायची तयारी केली.

अशा वेळी घाबरलेल्या घराला एक गोष्ट माहीत असायला हवी. ‘पॉझिटिव्ह’ रिपोर्ट आणि अँजिओप्लास्टी यांच्यामध्ये सरळ रस्ता नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. ज्युडिथ हॉकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांवर एक मोठा अभ्यास केला. त्यात भारतातली रुग्णालयेही होती. सगळ्यांच्या श्रम-तपासणीत रक्तपुरवठा मध्यम किंवा जास्त प्रमाणात कमी पडत होता. निम्म्यांना आधी अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, निम्म्यांना आधी फक्त पूर्ण औषधोपचार. २०२० साली निकाल छापून आला. तीनहून थोड्या अधिक वर्षांत मृत्यू आणि झटके यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ज्यांना वारंवार छातीत दुखत होते त्यांना मात्र स्टेंट-बायपासने अधिक आराम पडला. यात एक अट होती, ती विसरू नये. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले, हृदयाचे पंपिंग फार घसरलेले, नुकताच झटका येऊन गेलेले आणि औषधे घेऊनही दुखणे असह्य असलेले रुग्ण या अभ्यासात घेतलेच नव्हते. त्यांचा हिशोब वेगळा, तिथे उशीर करायचा नसतो.

खालांना दुसऱ्या कार्डिओलॉजिस्टकडे नेले. त्यांनी सीटी अँजिओग्राफी करून मुख्य धमनी मोकळी असल्याची खात्री केली, इकोत पंपिंग चांगले असल्याचे पाहिले आणि अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, ठोके आवरणारी गोळी आणि साखरेवर कडक लक्ष, यावर सहा महिने बघू म्हणाले. दुखणे वाढले किंवा बसल्या जागी आले तर तासाभरात या, असेही बजावले. दुसरे मत घ्यायला दोन दिवस लागले, आणि खालांच्या स्थितीत तेवढा वेळ हाती होता.

उलट बाजूही आहे. ज्यांना काहीच त्रास नाही, साखर-रक्तदाब नाही, अशांनी तपासणीच्या पॅकेजमध्ये फुकट मिळते म्हणून टीएमटी करून घेऊ नये. अमेरिकेत प्रतिबंधक आरोग्यसेवेबाबत सल्ला देणाऱ्या सरकारी तज्ज्ञमंडळानेही कमी जोखमीच्या माणसांना ही तपासणी करू नये असेच म्हटले आहे. खोटा ‘पॉझिटिव्ह’ निघाला की पुढे थॅलियम, अँजिओग्राफी आणि रात्रीची झोप, सारेच जाते.

चित्रासह केलेली तपासणी नॉर्मल आली, तर दिलासा मोठा असतो : पुढच्या वर्षभरात झटका किंवा मृत्यूची शक्यता साधारण एका टक्क्याहून कमी. मात्र तिन्ही धमन्या सारख्याच अरुंद असतील, तर थॅलियमच्या चित्रात सगळा स्नायू सारखाच फिका होऊन फरक झाकला जाऊ शकतो. त्रास वाढत असेल तर नॉर्मल रिपोर्ट दाखवून डॉक्टरांना गप्प करू नये. पट्ट्यावर चाललेले असाल, तर किती मिनिटे चाललात हेही रिपोर्टमध्ये पाहा. अमेरिकेत ६,२१३ पुरुषांच्या अभ्यासात असे दिसले की, माणूस किती श्रम करू शकतो यावरून त्याच्या आयुष्याचा अंदाज इतर नेहमीच्या गोष्टींपेक्षा चांगला बांधता येतो. हज-उमऱ्याला निघालेल्यांनी याकडे जरूर पाहावे. सफा-मरवाच्या सात फेऱ्याच साधारण तीन किलोमीटर होतात, तवाफ वेगळा आणि उन्हातली पायपीट वेगळी.

आपल्या भगिनींना जायला संकोच वाटतो तो कपड्यांमुळे. या तपासणीत छाती उघडावी लागते, ते टाळता येत नाही. पण वेळ घेतानाच फोनवर विचारावे : बाई तंत्रज्ञ किंवा बाई डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, पडदा आहे का, घरातली एखादी बाई सोबत आत थांबू शकते का. बऱ्याच ठिकाणी सोय होते, फक्त आधी सांगावे लागते. बुरख्यात पट्ट्यावर चालणे धोक्याचे. पुढून बटणे असलेला सैल कुर्ता, सलवार आणि पायात न घसरणारे बूट बरे. रमजानमध्ये घाई नसलेली तपासणी ईदनंतर घ्यावी, कारण श्रम, पाणी आणि थॅलियममध्ये मधे खाणेही येते. डॉक्टरांनी थांबू नका म्हटले तर थांबू नये. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहेच. थॅलियमला जाताना डबा न्या. औषध दिल्यावर दूध किंवा तुपकट काहीतरी खायला सांगतात, म्हणजे यकृतात साठलेले औषध पुढे सरकते आणि हृदयाचे चित्र स्वच्छ येते. सगळे मिळून तीन-चार तास जातात. येताना नुसता कागद नाही, चित्रांची सीडीही मागून घ्या. पुढच्या वेळी डॉक्टर जुन्या चित्राशेजारी नवे चित्र ठेवून पाहतात.